खुंटीवरचा वस्तरा

रक्ताचा डाग गरम पाण्यात धुवायचा नाही, हे वस्तऱ्यावर चालणाऱ्या घरात वेगळं शिकवावं लागत नाही. मधलीने दुकानाचे टॉवेल गाठोड्यातून एकेक काढले आणि ज्यावर काल दुपारचा डाग होता तो बाजूला, गार पाण्याच्या घमेल्याशेजारी ठेवला. डाग काही मोठा नव्हता. नखाएवढा, भोवती फिकट कड. एवढ्याशा डागासाठी वर माडीवर सगळं घर न्यायनिवाडा करायला बसलं होतं आणि काकांचा आवाज खिडकीतून मागच्या अंगणात उतरत होता. काकांचा आवाज तसा कुठूनही कुठेही पोचायचा. त्यांनी आयुष्यभर दुकानात गल्ल्यावर बसून दुसरं केलं काय होतं?

काल दुपारी तो दुकानात आला होता. तो म्हणजे मधलीचा पूर्वीचा नवरा. ज्याने तिचं डावं मनगट दाराच्या फटीत धरून दार लावलं होतं, तोच. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. तेव्हापासून ती टॉवेल पिळायची तेव्हा एक टोक डाव्या काखेत दाबून धरायची आणि उजव्या हाताने पीळ घालायची. आता त्याचं दुसरं लग्न ठरत होतं म्हणे. जुन्या सासुरवाडीशी आपलं काही वाकडं नाही हे चार लोकांनी बघावं, म्हणून भर गर्दीच्या वेळी तो हसत हसत दुकानात शिरला आणि रिकाम्या खुर्चीत बसला. दाढी करायला वाकलेला होता तिचा धाकटा भाऊ. अर्धी दाढी झाली आणि गळ्याला वस्तरा लागला. जखम अशी फार नव्हती, पण तोंडाला साबण फासलेला माणूस गळा धरून रस्त्याने पळत सुटला, तो सगळ्या बाजाराने पाहिला. आज दुकानाची सुट्टी होती म्हणून बरं, नाहीतर सकाळपासून दाढी न करणारेसुद्धा दाढीला आले असते.

धाकट्याला घरात सगळे तिखट म्हणत. त्याचं डोकं कधी फिरेल सांगता यायचं नाही. लहानपणी तो भिंतीवर डोकं आपटायचा आणि मग भिंतीलाच लाथ मारायचा. थोरल्याचं नाव गिऱ्हाइकांनीच ठेवलेलं, मखमल. त्याचा हात गालावरून फिरला की माणसाला झोप लागायची. सकाळी दुकान उघडायच्या आधी त्यांचे वडील, अप्पा, दोघांचे हात बघत. पंजा पालथा पुढे धरायचा, अप्पा त्यावर कंगवा ठेवत. कंगवा हलला की त्या दिवशी वस्तऱ्याला हात लावायचा नाही, केस झाडायचे, गिऱ्हाइकाला पाणी द्यायचं. तिखटने महिन्यातून कितीतरी दिवस झाडू मारला होता. मखमलच्या हातावरचा कंगवा मात्र आजवर कधी हललेला कुणी पाहिला नव्हता. अप्पा तो कंगवा उगाच जास्त वेळ ठेवायचे, डोळे भरून बघायला.

ही पद्धत आजोबांची. दुकानात त्यांचे आणखीही दोन नियम होते. खुर्चीत बसून गळ्याला कापड बांधलं, की तो कुणीही असो, आपला पाहुणा. आणि गरम टॉवेल ज्याने तोंडावर ठेवला, दाढी त्यानेच करायची. मधेच दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, कारण टॉवेलखालचा माणूस डोळे मिटून आपल्या भरवशावर पडलेला असतो. ज्याचा टॉवेल त्याची दाढी, असं आजोबा म्हणत. त्यांचं पहिलं दुकान ज्या माणसाने पेटवून दिलं होतं तो वर्षभराने येऊन त्यांच्या खुर्चीत बसला आणि आजोबांनी त्याची दाढी केली, ओरखडासुद्धा उठू दिला नाही. ही गोष्ट या घरात इतक्यांदा सांगून झाली होती, की पोरं ती झोपेत पुढे म्हणायची.

म्हणून तर काका भडकले होते. काल त्या वेळी ते वर जेवत होते, पण दाढी तिखटची म्हणजे टॉवेलही त्यानेच ठेवलेला, म्हणजे कोण बसलंय ते त्याने बघितलं. बघूनच त्याने वस्तरा धरला. म्हणजे हात चुकला नाही, हात नेला. काकांचं म्हणणं एवढंच होतं, आणि ते खोडून काढायला कुणाला काही सापडत नव्हतं, कारण तिखट कालपासून एक शब्द बोलला नव्हता.

मधलीला ही बातमी काल वहिनीने सांगितली होती, धापा टाकत. बातमी ऐकून मधलीच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "किती खोल?" वहिनी तिच्याकडे बघत राहिली. खोल नाही, म्हणाली, वरवर आहे. त्यावर मधलीला जे वाटलं त्याला निराशा यापलीकडे दुसरं नाव नव्हतं. रात्रभर ती त्या वाटण्याची लाज धरून पडली होती, आणि लाजेच्या खाली ते वाटणं तसंच होतं, हललं नव्हतं.

तिने डागाचा टॉवेल घमेल्यात टाकण्यासाठी उचलला आणि तिचा हात थांबला. टॉवेलला लवंगेचा वास येत होता.

तिने तो नाकाशी नेला. शंकाच नको. टॉवेलच्या पाण्यात लवंगेच्या तेलाचा थेंब टाकायची आवड मखमलची. गिऱ्हाइकाला बरं वाटतं म्हणायचा. तिखटला त्या वासाने शिंकांवर शिंका येत, डोळे लाल होत. तो आपलं भांडं वेगळं ठेवायचा आणि थोरल्याच्या भांड्याकडे फिरकायचाही नाही. गेली कित्येक वर्षं ती दर सुट्टीला टॉवेल धुवायची तेव्हा वासावरूनच दोन ढीग करायची. आज डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणून ढीग केले नव्हते, एवढंच.

म्हणजे त्या माणसाच्या तोंडावर टॉवेल मखमलने ठेवला होता.

ती घमेल्याशीच बसून राहिली. वरून मखमलचा आवाज आला, नेहमीसारखा मऊ. तो धाकट्यासाठी रदबदली करत होता. त्याला सांभाळून घ्या म्हणत होता. त्याचा राग त्याच्या हातात नसतो, आपण मोठ्यांनी समजून घ्यायला हवं, असं म्हणत होता. ऐकणाऱ्याला वाटलं असतं, काय माणूस आहे.  ती टॉवेल घेऊन जिना चढली.

वर जेवणाच्या टेबलाशी सगळे बसले होते. अप्पा टोकाला, दोन्ही हात टेबलाखाली. वयाने त्यांचे हात थरथरत, आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून ते जेवायलाही उशिरा बसायचे. काका उभे होते. बसून बोलणं त्यांना जमायचं नाही. तिखट खिडकीजवळच्या स्टुलावर, मान खाली. मखमल त्याच्या शेजारी, एक हात त्याच्या पाठीवर. वहिनी नवऱ्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर कौतुक होतं.

काकांनी मधलीला बघून आवाज थोडा खाली आणला. निकाल झाल्यातच जमा होता. तिखटने आजच्या आज खुर्ची सोडायची. काकांच्या ओळखीचा एक जण होता, दूरच्या गावात त्याचं दुकान होतं, तिथे केस कापायचं काम मिळेल. वस्तरा मात्र तिथेही द्यायचा नाही, हे काका त्याला आधीच कळवणार होते. म्हणजे तिखटच्या हातातून वस्तरा जन्माचा गेला. दुसरं काही करणं त्याला येत नव्हतं, आणि हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं.

"अप्पांनी हो म्हणायचं बाकी आहे," काका म्हणाले. "आजोबांच्या दुकानात पाहुण्याच्या गळ्याला वस्तरा लागलाय. पाहुणा कसला का असेना."

वहिनीने हळूच सुचवलं, की दुकानाचं नाव टिकलं तर सगळे टिकतील, तिखटसुद्धा. तिच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. या घरात दोन प्रकारची माणसं असतात आणि आपण बऱ्यापैकी चांगल्या बाजूला नांदायला आलो, असा तिचा प्रामाणिक समज होता. मधली इतकी वर्षं तेच समजत आली होती. घरातलं जनावर तिखट, आणि घरातला माणूस मखमल.

तिने टॉवेल टेबलावर ठेवला, डाग वर करून.

"धुवायच्या आधी इथे का आणलास?" काका म्हणाले.

"वास घ्या."

काकांनी नाक वाकडं केलं, पण घेतला. मग अप्पांनी घेतला. अप्पांना वेळ लागला नाही. त्यांचा हात टेबलावर आला होता आणि थरथरत होता, आणि तो लपवायचं ते विसरले. त्यांनी मखमलकडे पाहिलं.

तिखटने मान वर केली. "ताई, कशाला?" तो म्हणाला. कालपासूनचे त्याचे हे पहिले शब्द.

"तुला माहीत होतं," मधली म्हणाली. "टॉवेल तू ठेवला नव्हतास, आणि तू गप्प बसलास."

तिखटने खांदे उडवले. आधी त्याला बोलायचं नव्हतं, पण मधली समोरून हलेना तेव्हा त्याने तुटक तुटक सांगितलं. तो जेवून खाली आला, तर दादा म्हणाला, मला जरा आत काम आहे, हे गिऱ्हाईक तू घे. असं दादा कधी म्हणत नाही, पण म्हणाला. टॉवेल तोंडावर होता. त्याने टॉवेल उचलला तर खाली तो. हसत होता. तिखटला वाटलं वस्तरा खुंटीला लावून निघून जावं. पण दुकान भरलेलं होतं, आणि पाहुणा तो पाहुणा. त्याने साबण लावला. एक गाल झाला. गळ्यावर आला तेव्हा तो माणूस टॉवेलातून बोलावं तसं दबक्या आवाजात बोलला, तुझी बहीण बरी आहे ना, मनगट कसं आहे.

"तेवढ्यात लागलं," तिखट म्हणाला. "नेलं की लागलं, मला नाही माहीत. खरंच माहीत नाही. मी तोच टॉवेल गळ्याला लावला, तुरटी दाबून धरली, रक्त थांबवलं. त्याला म्हटलं ऊठ, जा. लगेच जा. तो गेला."

 काकांनी खुर्ची ओढली आणि बसले. त्यांना बसलेलं बघून मधलीला कसंसंच वाटलं.

"दादा," ती म्हणाली, "आत तुला काय काम होतं?"

मखमलने धाकट्याच्या पाठीवरचा हात काढून घेतला. चेहरा तसाच होता, शांत, गिऱ्हाइकाला भरवसा वाटावा असा. नाही म्हणाला असता तर वहिनीने, काकांनी, बहुधा अप्पांनीही त्याचंच ऐकलं असतं. पण तो खोटं बोलला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

"काम नव्हतं," तो म्हणाला. "तो आला, हसला. मी त्याला या म्हटलं. या म्हटलं मी. खुर्ची मागे कलती केली, टॉवेल ठेवला. टॉवेलखाली त्याचा गळा दिसत होता, आवंढा गिळला की वर-खाली होणारा. मी वस्तरा धारेला पट्ट्यावर लावला. माझा हात हलत नव्हता. जराही नाही. मला कळलं, मी करू शकेन. मी घाबरलो आणि आत पळालो."

"आणि धाकट्याला पाठवलंस," अप्पा म्हणाले.

"मला वाटलं मी पळालो. पडद्यामागे उभा राहिलो आणि लक्षात आलं, मी पळालो नाही अप्पा. मी वाट बघतोय."

वहिनीच्या तोंडून आवाज निघाला, हुंदक्यासारखा, पण हुंदका नव्हे. तिने खुर्ची नवऱ्यापासून लांब सरकवली नाही, फक्त टेबलावरचे आपले हात मांडीवर घेतले.

"तुम्ही काल शांत झोपलात," ती म्हणाली. "तुम्हाला त्रास झाला असेल म्हणून मी जागून बघत होते. तुम्ही छान झोपला होतात."

 मधलीला काय काय आठवत होतं. मनगट मोडलं त्या दिवशी तिला आणायला मखमलच गेला होता. त्या माणसाने चहा पुढे केला आणि मखमलने तो घेतला, कप रिकामा करून ठेवला, "बरंय, येतो," असा निरोप घेतला आणि तिला घेऊन बाहेर पडला. तिचा हात पदरात गुंडाळलेला होता आणि बोटं काळीनिळी पडली होती. सगळे म्हणाले, मखमल गेला म्हणून निभावलं, तिखट गेला असता तर खून पडला असता. तीही तसंच म्हणायची. तो चहा मखमलच्या पोटात इतकी वर्षं कुठे गेला होता, हे कुणी विचारलं नव्हतं.

काकांना अजून निकाल हवा होता. निकाल लागला नाही तर त्यांचं जेवण पचायचं नाही. ते म्हणाले, ठीक आहे, दोघांची चूक म्हणू, पण शेवटी वस्तरा कुणाच्या हातात होता? आजोबांनी दुकान जाळणाऱ्याची दाढी केली तेव्हा त्यांचा हात हलला होता का?

"हलला होता," अप्पा म्हणाले.

काका अप्पांकडे वळले.

अप्पा सावकाश बोलत होते. ही गोष्ट त्यांना त्यांच्या आईने सांगितली होती, आजोबा गेल्यावर, आणि त्यांनी ती पुढे कुणाला सांगितली नव्हती, कारण सगळ्यांना आवडणारी गोष्ट वेगळी होती. आजोबांनी दाढी केली हे खरं. पण एका दमात नाही. पट्टाभर गाल झाला की हात थरथरायचा. मग ते वस्तरा खुंटीला लावायचे, मागच्या अंगणात जायचे, हात गार पाण्यात बुडवून उभे राहायचे, परत यायचे. पुन्हा थोडी दाढी, पुन्हा खुंटी. दुपार गेली त्यात. तो माणूस खुर्चीत पडून होता, साबण वाळत होता, त्याला उठायचंही धैर्य होईना. ती खुंटी त्या दिवशीच ठोकली. त्याआधी दुकानात खुंटी नव्हती.

"आपण काय सांगत बसलो? तर त्यांचा हात हललाच नाही," अप्पा म्हणाले. "आणि मी रोज सकाळी कंगवा घेऊन तेच बघत बसलो. कुणाचा हलत नाही."

त्यांनी खिशातून कंगवा काढला. तिखटने पंजा पालथा पुढे केला. कंगवा ठेवताक्षणीच घसरला आणि टेबलावर पडला. मग अप्पा मखमलकडे वळले. मखमलने हात पुढे केला, आणि कंगवा त्यावर राहिला. सगळे बघत होते. एवढं सगळं बोलून झाल्यावरही तो हात पाटावर ठेवल्यासारखा होता. मखमल स्वतः त्याच्याकडे बघत होता, आणि तो हात दुसऱ्या कुणाचा असावा तसा त्याला बघत होता.

"हा इथेच राहील, त्याच खुर्चीशी," अप्पांनी तिखटकडे बोट केलं, मग मखमलकडे. "आणि तू वस्तऱ्याला हात लावायचा नाहीस. ज्या दिवशी तुझ्या हातावरून कंगवा पडेल त्या दिवशी घे."

काका म्हणाले, हे उलटंच झालं. अप्पा म्हणाले, हो, उलटंच.

पण तेवढ्याने कुणाचं समाधान झालं नाही, अप्पांचंही नाही. सुट्टीच्या दिवशी घरातले पुरुष जेवणाआधी खाली दुकानात एकमेकांची दाढी करत. ही रीतही जुनीच. अप्पा उठले आणि जिन्याकडे निघाले. जेवण नंतर, म्हणाले. आज मखमल आधी बसेल. तिखट करेल.

दुकानाचं दार आतून लावलेलं होतं, काचेवर कापड. मखमल तिखटच्या खुर्चीत जाऊन बसला आणि कुणी न सांगता मान मागे टाकली. टॉवेल ही मधलीची बाब, म्हणून तिने सवयीने पाणी तापवलं, टॉवेल बुडवला, एक टोक काखेत दाबून पिळला, झटकला आणि भावाच्या तोंडावर ठेवला. लवंगेचं तेल टाकलं नाही. तिखट पट्ट्यावर वस्तरा लावत होता. लावता लावता थांबला, आणि वस्तरा खुंटीला अडकवला.

"माझ्याच्यानं आज नाही होणार," तो म्हणाला. "खरं सांगतो."

कुणी त्याला आग्रह केला नाही. आज त्या खुंटीची किंमत वाढली होती. टॉवेलमधून वाफ निघत होती. तिखटने मधलीकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडावर हसू आलं, कसनुसं.

"तसाही टॉवेल तू ठेवलास, ताई."

काका म्हणाले, काहीतरीच काय. पण अप्पांनी खुंटीवरचा वस्तरा काढून तिच्यापुढे धरला, त्यांच्या थरथरत्या हातात. आजोबा अंथरुणाला खिळले होते तेव्हा त्यांची दाढी मधली करायची, लग्नाआधी. आजोबा म्हणायचे, पोरीचा हात चांगला आहे. ते एवढंच म्हणायचे आणि त्यापुढे कुणी काही केलं नव्हतं.

तिने टॉवेल उचलला. मखमलचे डोळे मिटलेले होते. तिने फेस केला, गालांना लावला. डावं मनगट वळत नव्हतं म्हणून कातडी ताणायला ती दुसऱ्या बाजूने उभी राहिली. पहिला गाल सरळ झाला. वस्तऱ्याचा तो बारीक आवाज तिच्या ओळखीचा होता. हात काही विसरत नाही.

"मधले," मखमल डोळे मिटूनच म्हणाला, "मी तुझ्यासाठी..."

"माझ्यासाठी नाही," ती म्हणाली. "माझ्यासाठी करायचं होतं तर तेव्हा चहा घ्यायचा नव्हतास. बोलू नको. लागेल."

 ती गळ्यावर आली. अंगठ्याखाली त्याची नाडी उडत होती. आणि रात्रभर जे तिच्यात दबून पडलं होतं ते उठून बसलं. त्या माणसासाठी आलं होतं आणि इथे येऊन बसलं होतं. मखमलने तिचं मोडलेलं मनगट इतकी वर्षं जपून ठेवलं, ते तिच्यासाठी नाही, स्वतःच्या सुडाच्या भुकेसाठी. आणि ती भूक भागवायला धाकट्याला पुढे ढकललं, आणि वर त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला क्षमा करा म्हणत बसला. सोपं होतं. इतकं सोपं असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. हाताला फक्त स्वतःला आवरणं थांबवायचं होतं. तिने पाहिलं, तिचाही हात हलत नव्हता.

तेव्हा तिने वस्तरा उचलला, पुसला आणि खुंटीला लावला.

ती मागच्या अंगणात गेली. घमेल्यात गार पाणी होतं, तिने दोन्ही हात कोपरापर्यंत बुडवले. मागे कुणी आलं नाही. जरा वेळाने रडू आलं, फार नाही. मग हात थरथरायला लागले, आधी उजवा, मग वाकडा डावा, पाणी काठापर्यंत हलेपर्यंत, आणि ती त्यांच्याकडे बघत राहिली, आणि तिला हायसं वाटलं. थरथर ओसरली तेव्हा तिने हात पुसले.

आत सगळे होते तिथेच होते. काका, वहिनी, अप्पा, तिखट. मखमल खुर्चीत होता. कुणी त्याला बांधून ठेवलं नव्हतं. उठून जाता आलं असतं. तो मान मागे टाकून, गळा उघडा ठेवून बसून राहिला होता. अंगावरच्या कापडाखाली त्याचे हात खुर्चीच्या हातांवर होते, आणि कापड हलत होतं.

तिने ते पाहिलं. वस्तरा खुंटीवरून घेतला, पट्ट्यावर दोनदा फिरवला. साबण वाळून गेला होता, म्हणून तिने ब्रश पुन्हा भिजवला.